छोट्या पडद्यावरचे तारांगण



आजचा विषय आम्ही चालकांस कळविला तेव्हा त्यांच्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस थेट विचारले, "अहो, ज्या खोक्याने आमच्या व्याख्यानांचे श्रोते पळविले, त्याच खोक्याचे गुणगान तुम्ही आमच्याच व्यासपीठावरून करणार?" प्रश्न रास्त होता. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून महाराष्ट्रात उन्हाळ्याची संध्याकाळ म्हणजे अंगणात सतरंजी, समोर वक्ता आणि वर चांदण्या, असे एक समीकरण होऊन बसले होते. ते समीकरण दूरदर्शनने मोडले हे कोण नाकारील? त्या गृहस्थांना आम्ही एवढेच म्हणालो, "उत्तर व्याख्यानाच्या शेवटी देऊ." तेव्हा आज ते उत्तर द्यावयाचे आहे, आणि ते पटले नाही तर सतरंजी गुंडाळण्याचा हक्क आपला.

विषय आहे दूरदर्शनवरील जुन्या विज्ञानरंजक मालिका आणि त्यांतील नटमंडळी यांच्या आठवणींचा. आठवणी सांगावयाच्या तर आधी तो खोका आमच्या गावात कसा आला हे सांगितले पाहिजे.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या वेळी बालाघाटावरच्या आमच्यासारख्या खेड्यांना त्याचे काही सोयरसुतक नव्हते. पुण्यास राहणारे मामा सुटीत येत आणि रात्री जेवणे झाल्यावर 'चिमणराव-गुंड्याभाऊ'ची गोष्ट सांगत. चि. वि. जोशांचे चिमणराव आम्ही पुस्तकात वाचले होते. मामांनी ते दिलीप प्रभावळकरांच्या रूपात चालताबोलताना पाहिले होते. बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ कसा उभा राहतो हे मामा उभे राहून दाखवीत, आणि आम्ही पोट धरून हसत असू. म्हणजे आमच्या आयुष्यातली दूरदर्शनवरची पहिली मालिका आम्ही पाहिली नाही, ऐकली.

पुढे १९८४ च्या सुमारास चित्र पालटले. देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे उभी करण्याची मोठी मोहीम निघाली; काही महिने तर सरासरीने रोज एक केंद्र सुरू होत होते. आमच्या गावी चावडीत एक संच आला. लाकडी कपाटासारखा, पुढे सरकते शटर, आणि शटरला कुलूप! किल्ली तलाठ्यांकडे की सरपंचांकडे यावर गावात दोन तट पडले होते. घरांवरच्या अँटेना हळूहळू वाढू लागल्या. वारा सुटला की एक जण माळवदावर चढून अँटेना फिरवी, दुसरा अंगणातून ओरडे, "आलं, आलं, गेलं! जरा मागं घे!" पडद्यावर मुंग्या आल्या तरी लोक उठत नसत. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणीत. कोणी काळ्यापांढऱ्या पडद्यावर रंगीत कागद चिकटवी, मग वरचे आकाश निळे, खालची जमीन हिरवी आणि मधल्या माणसाचे तोंड नारिंगी दिसे. त्यालाही आम्ही रंगीत टीव्हीच म्हणत असू.

ही चित्रे आमच्यापर्यंत येत कोणत्या वाटेने? या वाटेची हकीकत कोणत्याही विज्ञानकथेला लाजवील अशी आहे.

१९४५ साली आर्थर क्लार्क नावाच्या एका इंग्रज तरुणाने एका बिनतारी यंत्रविषयक मासिकात लेख लिहिला. पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताच्या माथ्यावर एखादे यान ठेवले, तर ते पृथ्वीबरोबरच फिरेल आणि खालच्या माणसास एकाच जागी टांगल्यासारखे दिसेल. तेथून संदेश फेकले तर ते अर्ध्या जगास पोचतील, असे त्यात गणिताने मांडले होते. हा क्लार्क पुढे विज्ञानकथांचा विख्यात लेखक झाला. त्याच्या लेखानंतर तीस वर्षांनी, १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष, अमेरिकेचा एक उपग्रह उसना घेऊन भारताने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन दाखविण्याचा प्रयोग केला. त्यात महाराष्ट्र नव्हता. परंतु आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या गुलबर्ग्याची खेडी होती. उमरग्याच्या सीमेपलीकडचा शेतकरी आकाशातून आलेले चित्र आपल्याआधी नऊ वर्षे पाहत होता! या प्रयोगाची धुरा अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक प्राध्यापक यश पाल यांच्याकडे होती. क्लार्क तेव्हा श्रीलंकेत राहत असे. त्याच्या कोलंबोतील घरीही आपल्या शास्त्रज्ञांनी एक संच बसवून दिला. स्वप्न पाहणाऱ्याच्या घरी स्वप्न पोचते करण्याची ही रीत आम्हांस फार आवडते. यश पाल हे नाव मात्र ध्यानात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

प्रयोग संपला आणि उसना उपग्रह परत गेला. मग भारताने स्वतःसाठी 'इन्सॅट-१ बी' हा उपग्रह करवून घेतला. तो ऑगस्ट १९८३ च्या अखेरीस 'चॅलेंजर' या अमेरिकन यानातून आकाशात सोडण्यात आला. चावडीतल्या खोक्यात जे दिसे ते या उपग्रहाच्या कृपेने. या यानाची गोष्टही पुढे पुन्हा निघेल.

आता त्या खोक्यात आम्ही काय पाहिले?

एका रविवारी सकाळी शटर सरकले आणि काळ्या आकाशातून एक तबकडीसारखे जहाज सर्रकन गेले. 'स्टार ट्रेक' असे मालिकेचे नाव. अमेरिकेत ती ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली होती, तीन वर्षांत तिचे ७९ भाग निघाले आणि प्रेक्षक पुरेसे नाहीत म्हणून ती बंद पडली होती. तेथे बंद पडून पंधराएक वर्षे झालेली मालिका आमच्याकडे ताजी म्हणून आली, आणि आम्ही ती ताजी म्हणूनच खाल्ली. संभाषण इंग्रजीत. आम्हांस दहा वाक्यांतले एक कळे. आमचा एक मित्र मोठ्या आत्मविश्वासाने भाषांतर करून सांगे. तो मनाचेच सांगत होता हे पुष्कळ वर्षांनी कळले. पण माणसे मात्र पुरती कळत. मधे विल्यम शॅटनरचा कप्तान कर्क. त्याच्या एका बाजूस टोकदार कानांचा, भुवई उचलून बोलणारा स्पॉक. दुसऱ्या बाजूस सदा चिडलेला डॉक्टर मॅकॉय. एक म्हणजे डोके, दुसरा म्हणजे काळीज, आणि निर्णय घ्यावयाचा तो मधल्याने. दोघे भांडत आणि एकमेकांसाठी जीव टाकीत. हे समजण्यास इंग्रजी कशाला हवे? आमच्या चावडीत बसणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचे तसेच होते.

पुढे मोठेपणी या मालिकेविषयी वाचले तेव्हा लक्षात आले, की तिच्या कर्त्यांकडे पैशाची ओढाताणच होती. जहाज दर आठवड्यास नव्या ग्रहावर उतरविण्याचा खर्च परवडेना, म्हणून माणसे झगझगत्या प्रकाशात विरघळून खाली प्रकट होतात अशी युक्ती काढली गेली. जहाजाची दारे आपोआप उघडत. पडद्यामागे दोन माणसे ती दोऱ्यांनी ओढीत. डॉक्टरांच्या हातातली अद्भुत शस्त्रे म्हणजे बाजारातून आणलेल्या मिठाच्या डब्या! हे वाचून आम्हांस हसू आले, पण मालिका लहान वाटली नाही. उलट त्या नटांविषयी आदर वाढला. मिठाची डबी हातात धरून समोरच्याचा प्राण वाचतो आहे असे ज्याच्या चेहऱ्याने पटते, तो खरा नट. आपल्या तमाशात नाही का, खांद्यावर उपरणे टाकले की राजा होतो आणि तेच डोक्यावर घेतले की मावशी होते! उरलेले अर्धे नाटक प्रेक्षक करतो. आमच्या आठवणी इतक्या गोड आहेत त्याचे कारण हेच. त्या मालिका अर्ध्याच तयार होऊन येत. उरलेली अर्धी आम्ही चावडीत बसून करीत असू.

स्पॉकचे काम करणारा लिओनार्ड निमॉय हा युक्रेनमधून अमेरिकेत आलेल्या एका यहुदी कुटुंबातला मुलगा. बोटे दोन-दोन जुळवून मधे फट ठेवावयाची आणि हात वर करावयाचा, हा स्पॉकचा नमस्कार आम्ही शाळेत मास्तरांची पाठ वळली की करीत असू. तो नमस्कार निमॉयने लहानपणी आपल्या प्रार्थनामंदिरात धर्मगुरूंच्या हाताची आशीर्वादाची मुद्रा पाहिली होती, तिच्यावरून घेतला होता. १९७५ साली त्याने आत्मचरित्र लिहिले; त्याचे नाव 'मी स्पॉक नव्हे' अशा अर्थाचे. वीस वर्षांनी दुसरे लिहिले; त्याचे नाव 'मी स्पॉक आहे'! नट आणि भूमिका यांच्यातले हे भांडण आपल्यालाही ठाऊक आहे. १९८७ पासून 'रामायण' लागले तेव्हा अरुण गोविल दिसतील तेथे लोक त्यांच्या पाया पडत. भूमिकेशी भांडून वीस वर्षांनी तिच्याशी समेट करणारा निमॉय २०१५ साली वारला, तेव्हा आमच्या घरातील कोणी गेल्यासारखे वाटले.

परंतु त्या जहाजावरील ज्या पात्राविषयी आम्हांस आज बोलावयाचे आहे ते निराळेच. कप्तानाच्या मागे एक काळीसावळी स्त्री बसलेली असे. कानात यंत्र, हाती सारी संदेशव्यवस्था. तिचे नाव उहुरा. काम करणारी निशेल निकोल्स. अमेरिकेत काळ्या माणसास बसमध्ये मागच्या बाकावर बसविण्याचे दिवस नुकतेच सरले होते, आणि पडद्यावर काळ्या स्त्रीला बहुधा मोलकरणीचे काम मिळे. पहिल्या वर्षानंतर निकोल्स मालिका सोडून निघाली होती. त्याच सुमारास तिची डॉक्टर मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी गाठ पडली. ही जागा सोडू नका, तुम्ही तेथे बसलेल्या दिसता हेच महत्त्वाचे आहे, अशा आशयाचे ते बोलले, आणि ती थांबली. ही हकीकत ती जन्मभर सांगत राहिली.

आता आपण आमच्या चावडीत परत येऊ. पडद्यावर कप्तान, काळी स्त्री, जपानी वंशाचा सुकाणूधारी, सारे एका खोलीत बसलेले असत. आणि पडद्यासमोर? आत जाजमावर कोण बसे, पायरीवर कोण बसे, आणि पायरीच्याही खाली, उन्हात उभे राहून मान उंचावून कोण पाही, हे आम्हांस लख्ख आठवते. बायका तर चावडीत येतच नसत. पाण्याला जाता-येता घागर कमरेवर घेऊन क्षणभर थबकत. आमच्या वर्गातला सर्वांत हुशार मुलगा पायरीखाली उभा असे. शाळेत तो आमच्या शेजारी बसे, गणिते आम्ही त्याची पाहून लिहीत असू. चावडीत मात्र आम्ही जाजमावर आणि तो खाली. त्यास आम्ही एकदाही "वर ये" म्हटले नाही. कोणी मना केले होते असे नव्हे, सुचलेच नाही. सातासमुद्रापलीकडच्या त्या गोष्टीने आमच्या डोळ्यांपुढे दर रविवारी एक निराळी बैठक मांडून ठेवली होती, आणि आम्ही फक्त टोकदार कान पाहत बसलो. गोड आठवणी सांगताना ही आठवण वगळणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते.

उपग्रह सोडणाऱ्या यानाची गोष्ट मघाशी अर्धी ठेवली होती. निशेल निकोल्सने १९७७ पासून अमेरिकेच्या अवकाश संस्थेसाठी गावोगाव प्रचार केला, की स्त्रियांनी आणि काळ्या तरुणांनी अंतराळवीर होण्यास अर्ज करावेत. १९७८ साली निवडलेल्या तुकडीत प्रथमच स्त्रिया आणि कृष्णवर्णी उमेदवार आले. त्यांपैकी गायन ब्लुफर्ड हा १९८३ साली अवकाशात गेलेला पहिला आफ्रिकी-अमेरिकन पुरुष. तो ज्या उड्डाणात गेला त्याच उड्डाणात 'चॅलेंजर'च्या पोटातून 'इन्सॅट-१ बी' आकाशात सोडला गेला! म्हणजे पाहा, ज्या उपग्रहामुळे आमच्या चावडीत चित्र उमटले, तो आकाशात ठेवणाऱ्यांमध्ये, ज्याच्या समाजाला मागच्या बाकावर बसविले जात असे, त्या समाजाचा एक पुत्र होता. तो निकोल्सचे भाषण ऐकूनच गेला असे आमचे म्हणणे नाही. परंतु पडद्यावरच्या खोट्या जहाजात एक खुर्ची मिळाली आणि सतरा वर्षांत खऱ्या जहाजात जागा झाली, एवढे तर खरे! आम्ही पायरीवरून हे सारे पाहत होतो आणि त्यातले काहीच पाहत नव्हतो.

आपल्याकडच्या मालिकांकडे वळण्यापूर्वी एका इंग्रजी मालिकेचा उल्लेख करणे भाग आहे. 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश दूरदर्शनवरील मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिच्या अगदी पहिल्या कथेचा दिग्दर्शक होता वारिस हुसेन, लखनौत जन्मलेला पंचविशीतला तरुण. नायक विल्यम हार्टनेल आजारी पडू लागला, तेव्हा १९६६ साली कर्त्यांनी युक्ती केली, की हा प्राणी मरताना देह पालटतो. आणि दुसरा नट उभा केला. गीतेतील जुनी वस्त्रे टाकण्याचा दृष्टान्त ज्या देशात घरोघर ठाऊक आहे, तेथील प्रेक्षकास यात नवल कसले! नवल निराळेच आहे. या मालिकेचे नव्वदाहून अधिक भाग नाहीसे झाले. चित्रफिती महाग, म्हणून त्या पुसून त्यांवर दुसरे कार्यक्रम मुद्रित केले गेले. आपल्याकडेही हीच रीत होती. मामांनी उभे राहून दाखविलेल्या त्या 'चिमणराव'चे बरेचसे भाग आज पाहावयास मिळत नाहीत. मामा गेले, फीतही गेली. आता तो गुंड्याभाऊ उभा आहे तो आमच्या डोक्यात. म्हणून म्हणतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून अशा आठवणी लिहून घ्या. ज्या गोष्टीची फीत पुसली गेली, तिचे दफ्तर म्हणजे प्रेक्षकाचे डोके. आणि त्या दफ्तराला वाळवी फार लवकर लागते.

मराठी माणसास विज्ञानकथा दूरदर्शनने शिकविली असे मात्र समजू नये. ज्यूल व्हर्नची चंद्रावरची सफर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच मराठीत आली होती. भा. रा. भागवतांनी व्हर्न आणि वेल्स आमच्या पिढीच्या हाती दिले. त्यांचा फास्टर फेणे दूरदर्शनवरही आला, आणि सुमीत राघवन या बालनटाच्या चेहऱ्याने तो आमच्या मनात कायमचा बसला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेस पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. नंतर उघड झाले, की ही आद्याक्षरे उलटी वाचावयाची आहेत. लेखक होते जगद्विख्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावावर बक्षीस मिळू नये, कथेवर मिळावे, एवढ्यासाठी हा खटाटोप. त्यांच्या 'धूमकेतू' या कथेवर पुढे मुलांसाठी हिंदी चित्रपटही निघाला. धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असतो. शास्त्रज्ञ त्यास वाट बदलावयास लावतात. आणि इकडे घरात शांतीसाठी यज्ञ झालेला असतो, त्याचे श्रेय त्या यज्ञास मिळते. ही कथा आम्ही वाचली तेव्हा खूप हसलो. आपल्यावरही तशीच पाळी येणार आहे हे तेव्हा कळले नाही.

१९८९ साली दूरदर्शनवर 'इंद्रधनुष' ही हिंदी मालिका लागली. आनंद महेंद्रू दिग्दर्शक. मुले स्वतः संगणक जोडतात आणि त्यातून कालप्रवास घडतो, अशी कथा. पुढे चित्रपटदिग्दर्शक म्हणून नावाजलेला करण जोहर त्यात पोरसवदा नट होता. 'स्पेस सिटी सिग्मा'मधले थर्माकोल आम्हांस ओळखू येई. तरी आम्ही ते पोलादच मानीत असू. नव्वदच्या दशकात केतन मेहतांचा 'कॅप्टन व्योम' आला. मिलिंद सोमण त्यात नायक होता. आणि १९९७ च्या सप्टेंबरात मुकेश खन्नांचा 'शक्तिमान' सुरू झाला. तो विज्ञान किती आणि चमत्कार किती हा वादाचा विषय. पण आमची मुले अंगणात एक हात वर करून गरगर फिरू लागली. मुले नक्कल करताना इजा करून घेतात अशी ओरड झाली, तेव्हा खुद्द शक्तिमानच कार्यक्रमाच्या शेवटी मुलांना समजावून सांगू लागला. नटाने आपल्या भूमिकेची जबाबदारी घ्यावी याचा हा एक चांगला नमुना होय.

मात्र या सर्वांहून आम्हांस जवळचा वाटलेला कार्यक्रम मालिका नव्हताच. त्याचे नाव 'टर्निंग पॉइंट'. माथेरानात जन्मलेले नाटककार आणि नट गिरीश कार्नाड तो सादर करीत, आणि देशभरातून मुलांनी पाठविलेल्या प्रश्नांना उत्तरे देत प्राध्यापक यश पाल. होय, तेच यश पाल, ज्यांनी खेड्यात आकाशातून चित्र उतरविले होते. आता ते स्वतः चित्रात येऊन बसले होते. पिकलेले केस, खट्याळ डोळे. इतका मोठा नट आणि इतका मोठा शास्त्रज्ञ, आणि मधे कोणा पोराचा प्रश्न. आणि त्या प्रश्नापुढे दोघेही लहान होऊन बसलेले. कधी उत्तर मिळे, कधी "यावर आणखी विचार करू" असेही मिळे. शास्त्रज्ञाला सारेच ठाऊक असते असे नाही, हे आम्हांस प्रथम तेथे कळले.

मित्रहो, आता आम्ही आमच्या फजितीकडे येतो.

२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो अशी वार्ता सकाळी सुटली. दूरध्वनीने आणि त्याच लाडक्या खोक्याने ती दुपारपर्यंत देशभर पोचविली. 'स्टार ट्रेक' पाहिलेले, नारळीकर वाचलेले, यश पालांना ऐकलेले आम्ही त्या दिवशी काय केले असेल? वाटीत दूध आणि चमचा घेऊन रांगेत उभे राहिलो! चमचा सोंडेला लावला, दूध ओसरले, आणि आम्ही भारावून घरी आलो. द्रवाचा पृष्ठताण म्हणून काही असतो, चमच्याच्या कडेचे दूध ओल्या दगडावरून पातळ पापुद्र्याने खाली ओघळते, हे आम्ही अकरावीत शिकून, परीक्षेत लिहून, गुण मिळवून बसलो होतो. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो ओघळ दाखविला तेव्हा आमची मान खाली गेली. येथे कोणाच्या श्रद्धेला बोल लावण्याचा हेतू नाही. गणपती ही विद्येची देवता. त्याच्यासमोर उभे राहून आम्ही आमची विद्या घरी ठेवून गेलो होतो, एवढाच आमचा स्वतःवर आरोप आहे.

त्यानंतर तेहतीस दिवसांनी, २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, खग्रास सूर्यग्रहण आले. त्याआधीचे मोठे ग्रहण १६ फेब्रुवारी १९८० चे. त्या दुपारी आपल्याकडे सूर्य बराचसा झाकला गेला. रायचुराकडे तर भर दुपारी काळोख पडला. पण आम्ही तो पाहिला नाही. आईने आम्हां भावंडांना माजघरात घातले, खिडकीला घोंगडी लावली आणि बाहेरून कडी घातली. शहरांतून लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून दूरदर्शनने दुपारी मुद्दाम हिंदी चित्रपट लावला, असे नंतर ऐकले. म्हणजे आईचेच कशाला, खोक्याचेही तेव्हा तेच मत होते!

पंधरा वर्षांनी तोच खोका सकाळीच सुरू झाला, आणि खग्रासच्या पट्ट्यातून सूर्य थेट आमच्या घरात आला. समजावून सांगण्यास यश पाल होतेच. चंद्राने सूर्य पुरता झाकला, भोवती मोत्यासारखे तेज पसरले, आणि यश पालांसारख्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाचा आवाज लहान मुलासारखा झाला. आम्ही योग्य काळा चष्मा आणला होता. तो लावून अंगणात जाऊन आपल्याकडचे खंडग्रासही पाहून आलो. आई चुलीपासून उठून दारात उभी होती. तिने काही खाल्ले नव्हते, आणि आम्हीही तिला आग्रह केला नाही. ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग आमच्याकडे न पाहताच म्हणाली, "मग त्या बारीला तुम्हाला कशापायी कोंडलं रं म्या?"

आम्ही उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने तिने स्वतःच हात पुढे केला आणि म्हणाली, "आण बघू तो चष्मा." अंगणात पदर सावरून, चष्मा दोन्ही हातांनी धरून ती सूर्याकडे पाहत होती. साठीच्या घरातली बाई. आयुष्यात प्रथमच ग्रहणाला सामोरी जात होती. आमच्या सर्व दूरदर्शनी आठवणींत हे चित्र आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते, आणि ते पडद्यावरचे नाही.

त्या गृहस्थांना द्यावयाचे उत्तर येथून निघते. खोका एकच. त्यानेच एका महिन्यात आम्हांस दुधाच्या रांगेत नेऊन उभे केले आणि पुढच्या महिन्यात आमच्या आईस अंगणात आणले. तो चांगला की वाईट, हा प्रश्नच पुरता पडत नाही. त्याच्यासमोर बसणारा काय करतो हा खरा प्रश्न. आपल्या जिल्ह्यातले तेर हे गोरोबाकाकांचे गाव. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके थापटून पाहिले, कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे ते सांगितले, आणि नामदेवांसारख्याचीही भीड ठेवली नाही, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. नामदेव रागावले, पण पुढे गुरू शोधावयास निघाले ते त्या थापटण्यामुळेच. आमचे म्हणणे इतकेच, की पडद्यावरून येणारी प्रत्येक गोष्ट थापटून घ्यावी. आणि दुसऱ्याचे मडके थापटण्याआधी आपले थापटावे. आता पडदा चावडीतून घरात आणि घरातून प्रत्येकाच्या तळहातावर आला आहे. त्याबरोबर दुधाच्या रांगाही तळहातावर आल्या आहेत, आणि त्या रोज लागतात. थापटणे मात्र पूर्वीइतकेच स्वस्त आहे.

तेव्हा व्याख्यान आणि खोका यांत वैर असण्याचे कारण नाही. खोका दाखवितो, त्यावर चार माणसांनी एकत्र बसून बोलावयास जागा लागते, ती ही सतरंजी. एकच अट आहे. या सतरंजीला पायरी असू नये, आणि पायरीखाली कोणी उभे असू नये. आमचा तो वर्गमित्र पुढे गणिताचा शिक्षक झाला. अनेक वर्षांनी भेटला तेव्हा आम्ही त्याची क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, "मला तिथून पडदा तुमच्यापेक्षा नीट दिसायचा. तुम्ही फार जवळ बसायचा." त्याचे हे बोलणे आम्ही थापटून पाहिले आहे, पक्के निघाले.

आता उठताना एक करा. मंडपाबाहेर आलात की उत्तरेकडे सप्तर्षी दिसतील. त्यांच्या शेपटाची वाकण तशीच पुढे नेलीत की एक नारिंगी, ठळक तारा लागेल. तो स्वाती. त्याचा प्रकाश आपल्याकडे येण्यास सुमारे ३७ वर्षे लागतात. म्हणजे आज जो किरण तुमच्या डोळ्यांत शिरेल तो, आम्ही 'इंद्रधनुष' पाहत बसलो होतो त्या दिवसांत तेथून निघालेला. आणि आपल्या प्रक्षेपण मनोऱ्यांवरून जे संदेश सुटले ते सारेच काही अँटेनांनी अडविले नाहीत. थोडे आकाशात निसटले. ते आज त्या स्वातीच्या आसपास पोचत असतील. इतके क्षीण, की कोणत्याही यंत्राने धरता यावयाचे नाहीत. फिती पुसल्या गेल्या, तरी ते अजून चालले आहेत.

घरी मुले जागी असतील तर त्यांना अंगणात बोलवा आणि तो तारा दाखवा. ती काही विचारतील. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगा, आणि दुसऱ्या दिवशी दोघे मिळून शोधा.